पोटातील बिऱ्हाडकरू

ह्या विषयावर बोलावयाचे ठरले तेव्हा आम्ही चार स्नेह्यांना सहज विचारून पाहिले, की माणूस लठ्ठ कशाने होतो? उत्तर सगळ्यांचे एकच आले, आणि तेही प्रश्न पुरता होण्याच्या आत. "खाण्याने, आणखी कशाने?" अपवाद फक्त आमच्या शेजारच्या काकूंचा. त्यांचे शरीर स्थूल आहे आणि त्याचा त्यांना मनापासून त्रास होतो. त्या म्हणाल्या, "मी आणि माझी धाकटी जाऊ एका स्वयंपाकघरातले जेवतो. मी दोन पोळ्या खाते, ती तीन खाते, वर भात घेते. ती काडीसारखी आहे. मी मात्र हळदीकुंकवाला गेले तरी बायका आधी माझ्या बशीकडे बघतात. तुमच्या शास्त्रात ह्याचे काही उत्तर आहे का?"

आम्ही तेव्हा गप्प बसलो, कारण खरे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. पण प्रश्न मोलाचा आहे. अन्न तेच आणि देह निराळे, असे का व्हावे? त्याचा बराचसा भाग आनुवंशिकतेत आहे. १९८६ साली डेन्मार्कमधील दत्तक मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ही मुले मोठेपणी अंगलटीने जन्मदात्या आईबापांकडे गेलेली दिसली, वाढविणाऱ्यांशी त्यांचे साम्य आढळले नाही. काही भाग हालचालीत, झोपेत, घेतलेल्या औषधांत आहे. आणि एक भाग असा आहे, की पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत लठ्ठपणाच्या संदर्भात डॉक्टर मंडळीही त्याची फारशी दखल घेत नसत. तो म्हणजे आपल्या आतड्यात वस्तीला असलेले सूक्ष्मजंतू. आज बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयी.

जंतू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पटकी, विषमज्वर आणि क्षय उभे राहतात. वास्तविक माणसाने आपल्या अंगचे जंतू पहिल्यांदा पाहिले ते कोणत्याही साथीत नव्हे. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक ह्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून आपल्याच दातांवरचे किटण पाहिले आणि त्यात वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून पाठविले. पुढे दोनशे वर्षांनी, १८८५ मध्ये, एशरिख नावाच्या बालरोगतज्ज्ञाने धडधाकट तान्ह्या मुलांच्या शौचात एक जंतू शोधला. तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. रोग नसलेल्या मुलाच्या पोटातही जंतू असतात, नव्हे ते असावयाचेच, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरावयास मात्र फार वेळ लागला.

ते असतात तरी किती? आपल्या शरीरातील पेशींच्या दसपट, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आपण वाचले असेल. हा आकडा बरीच वर्षे एकाने दुसऱ्याचा उतरवून घेतला. २०१६ साली इस्राएलमध्ये काही संशोधकांनी तो पुन्हा नीट मोजला, तेव्हा सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू आणि सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी, असा हिशेब निघाला. म्हणजे मामला जवळजवळ बरोबरीचा. ह्या सगळ्या जंतूंचे एकत्र वजन भरते सुमारे दोनशे ग्रॅम. एखाद्या मध्यम पेरूएवढे. काकूंच्या वजनकाट्यावर त्यांचा स्वतःचा असा भार नगण्यच. त्यांचे महत्त्व भारात नाही, ते करतात त्या कामात आहे.

ह्या बिऱ्हाडकरूंपैकी बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात असते. जुन्या वाड्यात पुढचा चौक मालकाचा आणि मागचा भाडेकऱ्यांचा असे. तशीच काहीशी ही रचना आहे. आपण जेवतो, अन्न जठरात घुसळले जाते आणि लहान आतड्यात उतरते. साखर, पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ ह्यांतले जे जे आपल्या पाचकरसांना फोडता येते ते येथेच फुटते आणि रक्तात जाते. मागच्या चौकात पोचते ते उरलेले. उरते काय? धान्याचा कोंडा, डाळी-कडधान्यांची साले, भाज्यांच्या शिरा, फळांतला चोथा. ह्यांतली लांबलचक साखळ्यांची शर्करा तोडावयास जी अवजारे लागतात ती माणसाच्या शरीरात जवळजवळ नाहीतच. अन्नातील कर्बोदके फोडणारी आपली स्वतःची विकरे वीसदेखील भरत नाहीत. उलट आतड्यातल्या एकेका जातीच्या जंतूजवळ अशी दोनशेहून अधिक विकरे आढळली आहेत. आपण ज्याला चोथा म्हणून नाक मुरडतो तेच त्यांचे पक्वान्न होय.

ते खाऊन ते काय देतात? चोथा आंबवून ते काही आम्ले तयार करतात. एक आपल्या शिरक्यातले ॲसेटिक आम्ल, दुसरे प्रोपिऑनिक, आणि तिसरे ब्यूटिरिक, की ज्याचे नावच लोण्यावरून पडले आहे, कारण खवट लोण्याला जो दर्प येतो तो त्याचाच. ह्या तिसऱ्यावर आमचा विशेष लोभ आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपले बहुतांश इंधन रक्तातून न घेता ह्या आम्लातून घेतात. म्हणजे मागच्या चौकाची भिंत भाडेकऱ्यांनी दिलेल्या भाड्यावर उभी आहे. भाडे थांबले की भिंतीला भेगा पडू लागतात; त्याविषयी पुढे येईलच.

चोथ्याचे माहात्म्य वैद्यकाला पटवून देण्यात डेनिस बर्किट ह्या आयरिश शल्यविशारदाचा वाटा मोठा होता. युगांडात त्याने वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया केल्या, आणि इंग्लंडातील रुग्णालये ज्यांनी भरलेली असत ती आंत्रपुच्छाची सूज, मोठ्या आतड्याचा कर्करोग, मूळव्याध, पित्ताचे खडे ही दुखणी तेथील खेड्यांत क्वचितच का दिसतात, हा प्रश्न त्याला पडला. मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे केले ते सांगताना आपल्या समाजात थोडा संकोच होतो, पण शास्त्राला संकोच परवडत नाही. त्यांनी लोकांचा मल गोळा करून तोलला आणि खाल्लेले अन्न बाहेर पडावयास किती तास लागतात ते मोजले. त्यासाठी क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या अन्नाबरोबर गिळावयास दिल्या होत्या. १९७२ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. ब्रिटिश आरमारातील खलाशी व त्यांच्या बायका ह्यांचा दिवसाचा मल सरासरी शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि अन्नाचा प्रवास सुमारे ८३ तासांचा. युगांडातील खेडुतांचा मल साडेचारशे ग्रॅमहून अधिक, आणि प्रवास अवघा ३६ तासांचा. ज्या देशातील लोक थोडा मल टाकतात तेथे मोठी रुग्णालये बांधावी लागतात, अशा अर्थाचे बर्किट आपल्या व्याख्यानांत बोलत असे, आणि श्रोते हसत. तथापि त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. चोथा पोटातून झाडूसारखा फिरतो, असे त्याच्या काळच्या पुष्कळांना वाटे. ते खरेच आहे, पण अर्धेच. त्या झाडूला वाटेत खाणारेही आहेत, आणि खरी करामत त्यांची आहे, हे पुढच्या पिढीने दाखविले.

आता लठ्ठपणाकडे वळू. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन ह्यांची प्रयोगशाळा आहे. तेथे पूर्णपणे निर्जंतुक उंदीर पाळतात. पिल्लू जन्मते ते निर्जंतुक पेटीत. त्याला हवा गाळलेली, पाणी उकळलेले, खाणे निर्जंतुक केलेले. असा उंदीर जगतो, पण एक चमत्कार दिसतो. तो साध्या उंदरापेक्षा अधिक खातो आणि तरी अंगाने सडपातळ राहतो. २००४ साली ह्या मंडळींनी अशा उंदरांना साध्या उंदराच्या आतड्यातील जंतू दिले. चौदा दिवसांत त्यांच्या अंगावरील चरबी साठ टक्क्यांनी वाढली, आणि ह्या चौदा दिवसांत ते आधीपेक्षा कमी खात होते! आमच्या काकूंनी हे ऐकले असते तर त्यांनी त्या उंदरांना बहीणच मानले असते.

दोन वर्षांनी पुढचे पाऊल पडले. आता निर्जंतुक उंदरांचे दोन गट केले. एकाला लठ्ठ उंदरांचे जंतू दिले, दुसऱ्याला सडपातळ उंदरांचे. अन्न दोघांना तेच. दोन आठवड्यांनी पहिल्या गटाची चरबी सुमारे ४७ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्याची सुमारे २७ टक्क्यांनी. लठ्ठ उंदरांच्या जंतूंना त्याच घासातून अधिक उष्मांक पिळून काढता येत होते, असा निष्कर्ष निघाला. एकाच उसातून दोन गुऱ्हाळांत रस कमीजास्त निघावा, त्यातलाच हा प्रकार.

पण आमच्या मते सर्वांत बोलका प्रयोग २०१३ सालचा. त्यात जंतू उंदरांचे नव्हते, माणसांचे होते. जुळ्या बहिणींच्या अशा जोड्या शोधल्या, की ज्यांतली एक लठ्ठ आणि दुसरी सडपातळ. दोघींच्या मलातील जंतू निरनिराळ्या निर्जंतुक उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जंतू मिळालेले उंदीर अधिक मेदाचे झाले. येथवर अपेक्षेप्रमाणेच. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जंतूंची देवाणघेवाण आपोआप होते. आणि काय दिसले? सडपातळ बहिणीचे जंतू लठ्ठांच्या उंदरांत जाऊन रुजले व त्यांची चरबी वाढावयाची थांबली; उलट दिशेने मात्र लठ्ठपणा लागला नाही. हे वाचून कोणालाही आनंद व्हावा. परंतु त्या लेखात आणखी एक कलम आहे, आणि वर्तमानपत्रांनी ते बहुधा गाळले. हा सोयरसंबंध जमला तो उंदरांना चोथा भरपूर आणि संपृक्त स्निग्धांश कमी असे अन्न दिले तेव्हाच. तेच उंदीर, तेच जंतू, पण ताटात फळे-भाज्या कमी आणि चरबी जास्त असे घातले, तेव्हा चांगले जंतू नव्या घरात रुजलेच नाहीत. त्यांना खावयासच काही नव्हते. बिऱ्हाडकरू कितीही सज्जन आणा, मागच्या चौकात चूल पेटत नसेल तर ते राहणार कसे?

आज आम्हांला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते ह्या एका प्रयोगात आले. जंतू आपल्या देहावर परिणाम करतात हे खरे, पण कोणते जंतू टिकावयाचे हे पुष्कळ अंशी आपले ताट ठरविते. बाकी जे सांगू तो ह्याचाच विस्तार आहे.

विस्ताराआधी थोडा लगाम ओढला पाहिजे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. सेंट लुईसच्या प्रयोगांनंतर असे मानले गेले होते, की लठ्ठ माणसाच्या पोटात जंतूंच्या एका मोठ्या कुळाचे प्रमाण जास्त आणि दुसऱ्याचे कमी असते, आणि त्या प्रमाणावरून लठ्ठपणा ओळखता येईल. पुढे निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा हा ठोकताळा टिकला नाही. कोठे जुळला, कोठे उलटा निघाला. उपचारांचेही तसेच. प्रतिजैविकांनी पोटातील वस्ती उजाड झाली की क्लॉस्ट्रिडियम नावाचा एक दुष्ट जंतू माजतो व पुनःपुन्हा अतिसार होतो. अशा रोग्यांना निरोगी माणसाच्या मलाचा द्राव नळीने आतड्यात सोडण्याचा उपचार नेदरलँड्समध्ये करून पाहिला, आणि २०१३ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला: सोळांपैकी तेरा रोगी एकाच वेळेस बरे झाले, नेहमीच्या प्रतिजैविकाने तेरांपैकी चारच. इतका लख्ख फरक दिसल्यावर चाचणी मध्येच थांबवावी लागली. मग लठ्ठ माणसांवर हाच उपाय का चालू नये? तोही करून पाहिला. २०२० साली अमेरिकेतून आलेल्या एका वृत्तांतात बावीस लठ्ठ व्यक्तींपैकी काहींना सडपातळ दात्याच्या मलाच्या कुप्या व बाकीच्यांना नकली कुप्या दिल्या होत्या. बारा आठवड्यांनी वजनात फरक पडला नव्हता. म्हणून औषधांच्या दुकानात सुंदर बाटलीतून "चांगले जंतू" विकत घेऊन कंबर कमी करू पाहणाऱ्यांना आमची नम्र सूचना आहे, की आधी पाकीट चाचपावे. जे सिद्ध झाले आहे त्याच्या दसपट आज विकले जात आहे.

प्रतिजैविकांचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगून टाकू. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आढळून आले, की कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविकाचा लहानसा अंश मिसळला तर त्या लवकर मांसल होतात. रोग बरा करण्यासाठी म्हणून नव्हे, केवळ वजनासाठी जगभर जनावरांना प्रतिजैविके चारण्यात आली. युरोपीय संघाने ही चाल २००६ पासून बंद केली. पुढे उंदरांच्या पिल्लांना लहान मात्रेत ही औषधे दिली तेव्हा त्यांचे जंतूही बदलले आणि चरबीही वाढली. तेव्हा मुलाला साधे पडसे झाले तरी डॉक्टरांकडे प्रतिजैविकाचा हट्ट धरणाऱ्या पालकांनी थोडे दमाने घ्यावे. जेथे ते खरोखर लागते तेथे ते जीव वाचविते. तेथे काटकसर नको.

आता मघाशी म्हटलेल्या भिंतीकडे येऊ. आतड्याच्या आतल्या बाजूस एक बुळबुळीत लेप असतो. जंतू आणि आपल्या पेशी ह्यांच्यामधला तो पडदा होय. चोथा मिळाला नाही तर जंतू उपाशी मरून जातात असे नाही. त्यांतले काही हा लेपच खाऊ लागतात. २०१६ मध्ये उंदरांवर हे स्पष्ट दिसले: चोथा तोडला, तेव्हा लेप पातळ झाला आणि एरवी तग धरला असता अशा आतड्याच्या संसर्गाने उंदीर गंभीर आजारी पडले. त्याआधी, २००७ साली, फ्रान्समधील तूलूझ येथे दुसरा धागा हाती लागला होता. उंदरांना चार आठवडे अतिशय स्निग्ध अन्न दिले तेव्हा जंतूंच्या कवचातील एक विषारी अंश त्यांच्या रक्तात दुपटी-तिपटीने वाढला. तेवढाच अंश दुसऱ्या उंदरांना टोचला, तर साधे अन्न खाऊनही त्यांचे वजन आणि रक्तातील साखर वाढली. ही साथीच्या तापासारखी भडकलेली सूज नव्हे. निखाऱ्यासारखी धुमसत राहणारी आहे. लठ्ठपणाबरोबर मधुमेह, यकृतात चरबी आणि हृदयविकार का येतात, ह्याची जी कारणे आज पुढे येतात त्यांत हा निखारा एक आहे.

माणसांत ह्याचा काही पुरावा आहे काय? आहे, आणि तो एका अदलाबदलीने मिळाला. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात राहणारे वीस आफ्रिकी वंशाचे लोक, आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील वीस लोक. मूळ एक, आहार अगदी भिन्न. पहिल्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग दर लाखात ६५ जणांना, दुसऱ्यांत पाचांहून कमी जणांना होतो. संशोधकांनी दोन आठवड्यांपुरती त्यांची ताटे बदलली. शहरवाल्यांना मक्याच्या कण्या, घेवड्यासारखी कडधान्ये, भाज्या. दिवसाचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेला. खेडुतांना मांस, तळलेले बटाटे, पांढरा पाव. त्यांचा चोथा ६६ वरून १२ वर आला. अवघ्या चौदा दिवसांत शहरवाल्यांच्या आतड्यातील ब्यूटिरिक आम्ल सुमारे अडीचपट झाले व अस्तरावरील सूज उतरली. खेडुतांचे ह्याच्या नेमके उलट झाले. हा वृत्तांत २०१५ चा. चौदा दिवसांत कर्करोग होत नाही की बरा होत नाही, हे उघड आहे. तो ज्या जमिनीत उगवतो ती किती झटपट बदलते, एवढे ह्यातून कळले.

जमीन झटपट बदलते म्हणून झटपट पूर्ववत होते, असे मात्र नाही. आग्नेय आशियातून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात येऊन स्थायिक झालेल्या ह्मॉंग व कॅरेन स्त्रियांची, आणि तेथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलींच्या पिढीची, अशी पाचशेहून अधिक जणींची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. आल्यापासून काही महिन्यांतच त्यांच्या पोटातील जंतूंच्या जाती घटू लागल्या. चोथा पचविणारे कुळ मागे हटले आणि त्या देशात सर्रास आढळणारे कुळ पुढे आले. जितकी वर्षे राहिल्या तितके अधिक, आणि मुलींत आणखी अधिक. वजन वाढलेल्यांत ही घट जास्तच दिसली. केवळ जेवण बदलले म्हणून एवढे सगळे झाले असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही. पण उंदरांतला एक प्रयोग येथे आठवतो. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या चोथ्याविना ठेवले. पहिल्या पिढीला चोथा परत दिला तर हरवलेल्या जाती बऱ्याच परतल्या. चौथ्या पिढीला दिला तर परतल्या नाहीत. बी शिल्लक असेपर्यंत पाऊस उपयोगाचा. आई मुलाला जसे दागिने देते तसे ती हे जंतूही देते, आणि तिच्याजवळ नसतील ते ती कोठून देणार?

हे सारे परदेशचे झाले. आपल्याकडे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी एक सत्य फार गमतीने मांडले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन ह्यांचे छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा अंक एकच, २२.३, दोघेही दिसावयास सडसडीत. पण चरबी मोजली तर इंग्रज गृहस्थांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्यातल्या पुष्कळांचे हातपाय बारीक आणि चरबी पोटात दडलेली, असा हा छुपा लठ्ठपणा आहे. ह्यामागे आनुवंशिकता आहे, गर्भात असताना झालेले पोषण आहे. जंतूंवर सगळे ढकलावे असे आम्ही म्हणणार नाही. पण काटकुळ्या जाऊबाईंनीही निश्चिंत राहू नये, एवढे ह्यावरून नक्की म्हणता येईल.

आणि आपली ताटे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली कोष्टके पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम, बाजरी-नाचणीत ११ च्या आसपास, कोंडा न काढलेल्या कणकेतही तेवढाच. सडलेल्या पांढऱ्या तांदळात व मैद्यात तीनाहूनही कमी. पूर्वी सोलापूर-नगरकडे भाकरी हे रोजचे जेवण होते आणि पोळी सणाची. आता पोळी रोजची झाली, आणि न्याहारीला पाव, बिस्किटे, खारी. त्याने जीभ तृप्त होते, मालकाचा चौक भरतो, पण मागच्या चौकात काही पोचत नाही. भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी लोकांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत भोपाळकडच्या, मुख्यतः धान्य-डाळी खाणाऱ्या लोकांत ते चोथा पचविणारे कुळ भरपूर सापडले. मिनेसोटात गेलेल्या बायकांनी जे गमावले तेच हे. आपल्याजवळ बी अजून आहे.

शेवटी ताकाविषयी बोलल्याखेरीज मराठी श्रोते आम्हांला सोडणार नाहीत. १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारा मेचनिकॉफ हा आंबट दुधाचा मोठा भक्त. बल्गेरियातील शेतकरी दह्यामुळेच दीर्घायुषी होतात असे त्याला वाटे, आणि तो स्वतः ते नेमाने पिई. तो एकाहत्तराव्या वर्षी वारला, म्हणजे शंभरी काही गाठली नाही. दह्याचे जंतू बहुधा आतड्यात कायमचे बिऱ्हाड करीत नाहीत. पाहुण्यासारखे येतात आणि जातात. तरी पाहुणेही घराला काही देऊन जातात. २०२१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात छत्तीस निरोगी माणसांचे दोन गट केले. एकाने दहा आठवडे चोथा वाढविला, दुसऱ्याने दही व इतर आंबवलेले पदार्थ. दुसऱ्या गटातील जंतूंच्या जाती वाढल्या आणि रक्तातील सुजेच्या खुणा उतरल्या. गंमत अशी, की चोथ्याच्या गटात जाती सरासरीने वाढल्या नाहीत. बी आधीच कमी झालेल्या पोटात नुसता पाऊस पाडून काय होणार, असा एक तर्क त्यावर केला जातो. आमचे म्हणणे, भाकरीबरोबर ताक घेणाऱ्याला हा वाद मिटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

एक व्यवहाराची सूचना. उद्यापासून एकदम उसळी आणि कोंडा सुरू केलात तर पोट फुगेल, गुरगुरेल, आणि शिव्या आम्हांला बसतील. उपाशी वस्तीला अचानक मेजवानी मिळाली म्हणजे वायू सुटणारच. दोन-तीन आठवड्यांत थोडेथोडे वाढवावे, पाणी बरोबर वाढवावे. आतड्याचा जुना विकार किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

व्याख्यान संपल्यावर आमच्या काकू भेटल्या. त्यांनी सारे शांतपणे ऐकले होते. "म्हणजे माझी जाऊ जास्त खाऊनही बारीक, ह्यात तिची काही करामत नाही, आणि माझा काही गुन्हा नाही, असेच ना?" आम्ही म्हटले, "बव्हंशी असेच." "मग भाकरी केली तर वजन उतरेल?" आम्ही खरे ते सांगितले, की वजन किती उतरेल ते सांगता येत नाही, साखर आणि आतडे ह्यांना बरे पडेल, हे मात्र बऱ्याच खात्रीने सांगता येते. काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरे, उद्यापासून ज्वारी दळून आणते. दोघींची."